धरून की सोडून

नऊ जानेवारी, एकोणीसशे सत्त्याण्णव. त्या संध्याकाळी त्या दोन खोल्यांत चार माणसे राहत होती.

चौघांपैकी एक जण घरी नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात काच घासत होता. उरलेल्या तिघी एका लांब टेबलाशी बसल्या होत्या. गृहपाठाला येणारी मुले नुकतीच घरी गेली होती. अकरा वर्षांची मुलगी वहीतून मान वर न काढता इंग्रजीत म्हणाली, "काकू, नेक्स्ट मंथ वी आर गोइंग टु अ न्यू हाउस." मुलीच्या आईने कौतुकाने मान डोलावली, वाक्य बिनचूक आले होते. काकूने हातातली पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाली, "बरं. आता पुढचा प्रश्न."

पुढे जे घडले ते या वाक्यामुळे घडले नाही. ते ज्या प्रकारे ऐकले गेले, त्यामुळे घडले. म्हणून ऐकणारी बाई कोण होती हे आधी सांगितले पाहिजे.

गल्लीतली मुले तिला उतारेबाई म्हणत. इंग्रजीच्या पुस्तकात एखादा परिच्छेद देऊन खाली प्रश्न विचारलेले असतात, त्याला शाळेत उतारा म्हणतात. आणि उतारा आला की मुले त्या घराचा जिना चढत. विषावरच्या औषधालाही उतारा म्हणतात, हे एका पालकाने गमतीने तिच्या लक्षात आणून दिले होते. तेव्हापासून ते टोपणनाव तिला मनातून आवडू लागले होते. इंग्रजी विषय घेऊन तिने पदवी मिळवली होती, तीही चांगल्या गुणांनी. शाळेत नोकरी मात्र मिळाली नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडून तिला इंग्रजीत काही विचारले गेले, उत्तर मनात पूर्ण तयार होते, विरामचिन्हांसकट. पण आवाज फुटला नाही. त्यानंतर ती इंग्रजी वाचत राहिली, तपासत राहिली, शिकवत राहिली. बोलली कधीच नाही.

घर कपडे धुण्याच्या दुकानावर होते. खाली दिवसभर इस्त्र्या चालत, त्यामुळे वरची फरशी संध्याकाळपर्यंत कोमट होई, आणि थंडीत मुले बूट काढून तळवे जमिनीला चिकटवून बसत. टेबल एका शिंप्याचे होते. त्याने दुकान बंद केले तेव्हा कापड बेतायचे ते टेबल बाईच्या नवऱ्याने घरी आणले. त्याच्या कडेवर इंचांच्या खुणा कोरलेल्या होत्या. मुलांच्या जागा त्या खुणांवरून ठरत. "तू चाळिसावर सरक," "साठावर कोण बसलंय, पाय आवर," असे तिथले बोलणे असे. शून्याची खूण खिडकीपाशी होती. तिथे बाई बसे, आणि तिच्या कोपराला लागून तिची पुतणी.

ही पुतणी म्हणजे धाकट्या दिराची मुलगी. दीर गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. धाकट्या जावेने दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात नोकरी धरली, आधी चादरींच्या कोठीत, मग पुढच्या काउंटरवर. आणि मुलीला थोरलीच्या, म्हणजे या बाईच्या, हवाली केले. थोरलीला स्वतःचे मूल नव्हते. मुलीचे दात पडले, आले, गोवर झाला, पहिली गोष्ट वाचून झाली, ते सगळे शून्याच्या खुणेपाशी. आई सुटीत येई, खेळणी आणि हॉटेलातल्या साबणाच्या वड्या घेऊन. थोरली तिचे चांगले स्वागत करी. पाहुण्याचे स्वागत करणे कुणाला जड जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात धाकटीची बदली त्याच हॉटेलच्या इथल्या शाखेत झाली, आणि ती पाहुणी राहिली नाही.

मत्सराविषयी आपण बोलतो तेव्हा तो नेहमी दुसऱ्याजवळच्या वस्तूबद्दल असतो असे गृहीत धरतो. थोरलीच्या बाबतीत तसे नव्हते. धाकटीजवळ जे होते ते तिला नकोच होते: ना गणवेश, ना काउंटरवरचे हसू. धाकटी आली आणि थोरलीजवळ असलेल्या गोष्टीचे नाव बदलले. जे कालपर्यंत तिचे होते ते आता सांभाळायला दिलेले ठरले. सांभाळायला दिलेली वस्तू आपलीच समजून बसलेल्या माणसाचा जळफळाट वेगळा असतो. त्याला तक्रार करायलाही जागा नसते.

तिची शिकवण्याची एक खास पद्धत होती, आणि ती दुसऱ्या कुणाची नव्हती. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात: आपण आणि आम्ही. ऐकणाऱ्याला धरून असेल तर आपण, सोडून असेल तर आम्ही. मुले उतारा वाचताना सरसकट 'आम्ही' लावत आणि अर्थाचा विचका करत. म्हणून तिने नियम घातला होता की, उताऱ्यात जिथे 'वी' दिसेल तिथे वर पेन्सिलीने बारीक 'आपण'चा 'प' किंवा 'आम्ही'चा 'म' लिहायचे, आणि ते लिहिल्याशिवाय खालच्या प्रश्नांना हात लावायचा नाही.

"इंग्रजी या बाबतीत लबाड भाषा आहे," ती सांगे. "'वी' म्हणते आणि गप्प बसते. आपण त्या शब्दाला धरून विचारायचं: काय रे, तू मला धरलंस की सोडलंस?"

"आणि शब्द बोललाच नाही तर?" घरमालकिणीची मुलगी विचारी. ही घरमालकीण या घराची नव्हे, पलीकडच्या गल्लीतल्या घराची, आणि तिच्या या मुलीचे तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत.

"तर आधीची ओळ वाचायची. बोलणारा कुणाशी बोलतोय ते पाहायचं. आणि तरीही कळलं नाही तर बोलणाऱ्याला विचारायचं. लाजायचं नाही."

दुसरा नियम असा की उत्तर पूर्ण वाक्यात. 'हो', 'नाही', 'नावाडी', अशी तुटकी उत्तरे ती परत करी.

धाकटीला दुपारची सुटी असली की ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसू लागली. तिचे इंग्रजी काउंटरवर घडलेले होते. क्रियापदे कुठेही पडत, पण ती अडत नसे. मुलांना ती फोन उचलण्याचे नाटक करून दाखवी: "गुड इव्हिनिंग सर, युवर टॉवेल इज कमिंग, युवर सोप ऑलरेडी केम." मुले लोळून हसत. थोरलीच्या कानाला त्यातली एकेक चूक टोचे. त्याहून टोचे ती गोष्ट म्हणजे समोरच्या माणसाला ते सगळे समजत होते.

मुले हळूहळू सरकू लागली. चाळिसावरची साठावर गेली, साठावरची त्यापुढे. कुणी काही ठरवून केले नाही. एक दिवस पुतणीने आपले दप्तर उचलले आणि सहज म्हणाली, "काकू, तिकडे उजेड जास्त आहे." खिडकी तर इकडे होती.  थोरलीने रिकाम्या जागेवर शब्दकोश ठेवला.

त्याच सुमारास नावाड्याचा उतारा आला. नदीच्या काठी नाव उभी आहे, नावेत माणसे बसली आहेत, काठावर जकातीचा अधिकारी एकेक गाठोडे उघडून पाहतो आहे. नावाडी म्हणतो, "वी मस्ट क्रॉस बिफोर डार्क." खाली प्रश्न: या वाक्यात 'वी' म्हणजे कोण?

"त्यात विचारायचं काय?" धाकटी पलीकडून म्हणाली. "सगळे! नाव एक, नदी एक. लिहा रे, प."

"थांबा," थोरली म्हणाली. "खोडा ते. आधीची ओळ वाचा."

टकळीने वाचली. नावाडी अधिकाऱ्याकडे वळला, असे तिथे लिहिले होते.

"म्हणजे तो कुणाशी बोलतोय?"

"अधिकाऱ्याशी."

"अधिकारी नदी ओलांडणार आहे का?"

"नाही. तो काठावरच."

"मग? ऐकणारा धरून की सोडून?"

"सोडून," मुले एका सुरात म्हणाली. "म."

"अहो वहिनी," धाकटी म्हणाली, "त्या बिचाऱ्यालाही घ्या की नावेत! सकाळपासून काठावर उभा आहे, पायांचे तुकडे पडले असतील. मला विचारा, काउंटरला उभं राहणं काय असतं ते."

"पण मग गाठोडी कोण तपासणार?" टकळी ओरडली.

"नावेत बसून तपासेल! वल्हवता वल्हवता!"

टेबल हसण्याने हलले. पुतणीला तर हसून ठसका लागला. तिने आईच्या खांद्यावर डोके टेकले आणि तिथेच ठेवले. सगळ्यांनी 'म' लिहिले. उत्तर थोरलीचे होते, आणि ते बरोबर होते. हसू मात्र दुसऱ्या टोकाला गेले.

आपण बरोबर असलो की लोकांनी आपल्यावर प्रेम करावे, अशी अपेक्षा विद्येच्या व्यवहारातल्या अनेकांच्या मनात असते. तसा करार कुणी केलेला नसतो. तरी तो मोडला गेल्याचे दुःख खरेच होते, आणि ते दुःख धरून बसणारा माणूस हळूहळू दुसऱ्याच्या चुका मोजण्यात वाकबगार होतो. थोरली आता धाकटीच्या प्रत्येक वाक्यानंतर, डोळे न उचलता, दुरुस्त वाक्य पुटपुटू लागली. "केम नाही. हॅज कम." धाकटी हसून म्हणे, "हॅज कम, हॅज कम. वहिनी आहेत म्हणून माझी अब्रू वाचते." ती हे मनापासून म्हणे. थोरलीला तो टोमणा वाटे.

नवऱ्याने एकदा जेवताना विचारले, "हल्ली गप्प असतेस?"

"बोलणारी माणसं पुष्कळ झालीत घरात."

"हं," तो म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासतो मी. घरात काय चाललंय ते मला दिसेल तर शपथ." आणि त्याने पाण्याचा पेला पुढे केला. त्याच्या स्वभावात वाईटपणा नव्हता. प्रश्न विचारून झाला की आपले काम झाले, असे त्याला वाटे.

धाकटीने मग नवीन खूळ काढले: संध्याकाळी मुले गेल्यावर घरात थोडा वेळ फक्त इंग्रजी बोलायचे. मायलेकी बोलत. थोरलीला आग्रह झाला, तिने हाताने नको म्हटले आणि वह्या तपासत बसली. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी, ज्या भाषेची आपल्याला पदवी आहे त्या भाषेत दोघी आपल्यावाचून बोलत आहेत, हे ऐकत राहणे काय असते याचा अंदाज ज्याला मुलाखतीत गप्प बसावे लागले आहे त्यालाच येईल.

नऊ जानेवारीचे ते वाक्य त्या वेळात आले.

मुलगी ते मराठीत बोलली असती तर तिला एक शब्द निवडावाच लागला असता. मराठीत या बाबतीत लपता येत नाही. इंग्रजीने ती निवड टाळली आणि ती थोरलीवर सोपवली. मुलांना वर्षानुवर्षे 'प' की 'म' विचारणाऱ्या त्या बाईने स्वतः विचारले नाही. तिने आधीची ओळ पाहिली: खांद्यावर टेकलेले डोके, उजेड नसलेल्या बाजूचा उजेड, साबणाच्या वड्या. तिने मनात 'म' लिहिले. ती विचारू शकत होती. मुलगी हाताच्या अंतरावर होती. पण न विचारता कळले आहे असे वाटणे आणि विचारायची भीती वाटणे, यांतला फरक माणसाला आतून दिसत नाही.

पुढच्या रविवारी नवरा शिंप्याची टेप घेऊन टेबलाची रुंदी मोजताना दिसला.

"आता हे कशाला?"

"जिन्याच्या वळणावर अडतं का बघतो. तुला सांगितलंय ना पोरीनं?"

"सांगितलंय."

"मग झालं."

म्हणजे टेबलही जाणार. आणि याला माहीत आहे, याची संमती आहे. तिने त्या रात्रीच्या जेवणात कुणाकडे मान वर करून पाहिले नाही. पोरीच्या ताटाकडे मात्र पाहिले, आणि सवयीने तिला आणखी वाढले.

दोन-तीन दिवसांनी घरमालकीण टकळीला न्यायला आली आणि जिन्यातच थांबली.

"बाई, एक विचारू का? आमचा वरचा मजला मोकळा झालाय. तुमची जाऊ पाहून गेली. तीन खोल्या हव्यात म्हणाली, ड्यूटीच्या घाईत होती, फार बोलणं झालं नाही. माणसं बरी हवीत हो, नाहीतर आज आली, उद्या गेली. तुमच्याइतकं कोण सांगणार मला?"

तीन खोल्या. दोघींना तीन खोल्या! थोरलीच्या मनात प्रथम आला तो हा आकडा, आणि त्या आकड्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मिजास पाहा. एखाद्या मुलाने तिच्यापुढे ठेवलेल्या उत्तरात असा आकडा आला असता तर तिने पेन्सिल त्यावर टेकवून विचारले असते, अरे, माणसे दोन आणि खोल्या तीन, हे जुळते का? परत वाच. त्या संध्याकाळी तिने परत वाचले नाही.

तिने वाक्य रचले. काळजीपूर्वक रचले, जसे ती सगळी वाक्ये रचत असे.

"माणूस वाईट नाही," ती म्हणाली. "पण एका जागी फार दिवस टिकलेली मी तरी तिला पाहिलेली नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. धाकटीने शहर बदलले होते, कोठीतून काउंटरवर गेली होती, बदली घेतली होती. कोणत्याही न्यायालयात ते वाक्य टिकले असते. घर मिळाले नाही तर पोरगी इथेच राहील, एवढाच त्या वाक्याचा हेतू होता, आणि तो हेतू प्रेमाचा होता असे ती स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत राहिली. घरमालकिणीने "असं होय," म्हटले, पदराने कपाळ टिपले आणि टकळीचा हात धरून जिना उतरली.

आठवड्याच्या आतच धाकटी कामावरून आली ती उंबऱ्यातच थांबली. गणवेशावरची नावाची पट्टी काढता काढता म्हणाली, "घर गेलं, वहिनी."

"कुठलं घर?" थोरलीने विचारले. आवाज तिने सरळ ठेवला होता.

"कुठलं काय? आपलं."

थोरलीच्या हातातली वही तशीच राहिली.

"आपलं म्हणजे?"

"आपलं म्हणजे आपल्या चौघांचं. त्या बाईनं नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर इकडचं तिकडचं बोलत बसली." धाकटी खुर्चीत बसली आणि बूट काढून तळवे फरशीला लावले. "काय सुंदर बेत केला होता मी! तिसरी खोली टेबलाची. दार लावलं की तुम्ही आणि तुमची पोरं, भावजींना या गोंगाटात जेवायला नको. भावजींनी टेबल मोजूनसुद्धा दिलं, जिन्यातून जातंय म्हणाले. कपाटाची जागा मात्र तुम्ही ठरवणार होतात."

"मला कुणी..."

"अहो, पोरीनं सांगितलं ना! मीच म्हटलं होतं तिला, काकूला तू सांग, आणि इंग्रजीत सांग, खूश होतील. म्हणाली, सांगितलं, काकू 'बरं' म्हणाली." ती थकून हसली. "मला वाटलं, वहिनींचं 'बरं' म्हणजे दुसऱ्यांचं 'वा वा'."

नावेत अधिकाऱ्यालाही बसवणारी बाई. तिच्या बोलण्यात ऐकणाऱ्याला सोडणारा 'आम्ही' नव्हताच. हे थोरलीला नावाड्याच्या उताऱ्याच्या दिवशी कळायला हवे होते. त्या दिवशी ते साऱ्या टेबलाला कळले होते.

तिने सांगायला हवे होते. त्या क्षणी, त्या खुर्चीसमोर, ते सांगणे शक्य होते. पण सांगायचे म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या. एक, की तिने पोरीला तिच्या आईपासून राखून ठेवायला पाहिले. दुसरी, की तिने एक साधे वाक्य चुकीचे वाचले. तिला पहिलीपेक्षा दुसरी कबुली अधिक जड गेली, हे तिच्याविषयीचे सत्य आहे, आणि तिच्यासारख्या शिकलेल्या पुष्कळांविषयीचे. "मिळेल दुसरं," ती म्हणाली.

ते झाकलेलेही राहिले असते. पण रविवारी, टेबल भरलेले असताना, धाकटी दुसऱ्या टोकाला बसलेली असताना, टकळीने पुतणीला मोठ्याने विचारले, "तुझी आई आजारी आहे का गं?"

"नाही. का?"

"आमची आई म्हणाली, उतारेबाईंनीच सांगितलं, तुझी आई टिकत नाही म्हणून. टिकत नाही म्हणजे काय? मला वाटलं, मरणार-बिरणार आहे."

दोन-तीन मुले हसली आणि मग थांबली. खालून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. धाकटीने समोरचे पुस्तक मिटले, मुलाच्या हातातली पेन्सिल त्याला परत दिली आणि उठून आतल्या खोलीत गेली. तिने दार आपटले नाही. आपटले असते तर थोरलीला बरे वाटले असते.

मुले गेल्यावर ती बाहेर आली.

"नको होतं घर, तर नको म्हणायचं," ती म्हणाली. "मी काय ओढत नेणार होते तुम्हाला? माझ्या पाठीमागे, परक्या बाईला... माझ्या नोकरीवर बोललात. कुणामुळे सोडून राहिले होते मी पोरीला? हौस होती मला?"

"तसं नव्हतं," थोरली म्हणाली.

"मग कसं होतं?"

नवरा दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. थोरलीचे ओठ हलले. उत्तर तयार होते, विरामचिन्हांसकट. मुलाखतीच्या दिवशीप्रमाणेच आवाज फुटला नाही. या वेळी तर भाषा स्वतःचीच होती.

 धाकटीने खरोखर वाट पाहिली. मग म्हणाली, "हॉटेलची क्वार्टर मिळतेय. एक खोली आहे, दोन खाटा. आम्ही पुढच्या रविवारी जातोय."

आम्ही. हे वाक्य मराठीत होते. त्यात चुकायला जागा ठेवलेली नव्हती. नऊ जानेवारीला जे वाचन चूक होते ते तिने अशा रीतीने स्वतःच्या हाताने बरोबर करून घेतले.

जायच्या आदल्या संध्याकाळी पुतणी आपण होऊन शून्याच्या खुणेपाशी येऊन बसली. तिने शब्दकोश बाजूला सारला आणि काकूच्या कोपराला कोपर लावले. बराच वेळ ती खुणांवरून नख फिरवत राहिली.

"काकू, आई म्हणते, तुला आमचा कंटाळा आला होता. आला होता का?"

"नाही."

"मग टकळीच्या आईला तसं का सांगितलंस?"

थोरलीने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "झोप आता. उद्या सामान आहे."

"हे उत्तर नाही झालं," मुलगी म्हणाली. ती रागावलेली नव्हती. तिला शिकवलेले होते तेच ती म्हणत होती. "पूर्ण वाक्यात सांग."

थोरलीने खिडकीची कडी लावली, वह्यांचा गठ्ठा नीट केला आणि दिवा मालवला.

रविवारी हातगाडीवर दोन पेट्या आणि एक गादी गेली. टेबल राहिले. पुतणी काही महिने सुटीच्या दुपारी येत असे, मग शाळा लांबची झाली, येणे कमी झाले. आता ती मोठी आहे, नोकरी करते, दिसली की वाकून नमस्कार करते आणि काकांच्या तब्येतीची चौकशी करते. धाकटी त्याच हॉटेलात काउंटरची मुख्य झाली आणि अजून तिथेच आहे. घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावर दुसरेच कुणी राहते.

त्या दोन खोल्यांत आता दोन माणसे राहतात. उतारेबाई अजून शिकवते. नवी मुले जिना चढतात, बूट काढतात, तळवे कोमट फरशीला लावतात, आणि 'वी' दिसला की वर 'प' किंवा 'म' लिहितात. मात्र पूर्वी ती मुलांना जे शेवटी सांगे ते आता सर्वांत आधी सांगते: कळलं नाही तर बोलणाऱ्याला विचारायचं. आधीच्या ओळीवर फार विसंबायचं नाही. मुलांना हे विचित्र वाटते, कारण परीक्षेत बोलणारा समोर नसतो.

धाकटीची क्षमा तिने मागितलेली नाही. पुतणीच्या प्रश्नाचे पूर्ण वाक्यातले उत्तर तिने दिलेले नाही. ते देणे बाकी आहे.